हायड्रोजन आणि अणुवीज : आधी काम ठरवा

जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाले. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॉट (एक लाख मेगावॉट) अणुवीज, छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी रुपये आणि २०३३पर्यंत अशा किमान पाच स्वदेशी भट्ट्या, असा संकल्प जाहीर झाला. तेव्हापासून आपल्याकडे ऊर्जेची चर्चा निघाली की दोन तट पडतात. एका तटाला अणुवीज हा राष्ट्राचा मानबिंदू वाटतो आणि तिच्याबद्दल शंका विचारणारा माणूस विकासाचा वैरी वाटतो. दुसऱ्या तटाला अणुवीज म्हटले की चेर्नोबिलपलीकडे काही दिसत नाही. सौर पॅनेल आणि हायड्रोजन एवढ्यावर देशाचे भागेल अशी त्याची पक्की खात्री असते. दोन्हीकडचे लोक कळकळीने बोलतात, पण कोणती वीज कुठल्या कामाला हवी हा साधा प्रश्न दोन्हीकडून विचारलाच जात नाही. तो विचारला तर निम्मा वाद आपोआप गळून पडेल.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. अणुभट्टी वीज देते आणि हायड्रोजन वीज खातो, म्हणून या दोघांना एका तराजूत तोलणेच चूक आहे. अणुवीज हवी ती कोळशाचे संच रात्रंदिवस जे काम करतात ते त्यांच्याकडून काढून घेण्यासाठी. आणि तीही स्वदेशी, एकाच आराखड्याच्या, एकामागून एक बांधलेल्या भट्ट्यांतून. हायड्रोजन हवा तो खत, पोलाद आणि तेलशुद्धीकरण यांसाठी, कारण तिथे त्याच्यावाचून चालत नाही. मोटारीत तो नको, स्वयंपाकाच्या गॅसमध्ये तर नकोच. आणि जोवर आपल्या तारांतून वाहणारी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे, तोवर ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यातली, वीज वापरून केलेल्या हायड्रोजनला हिरवा म्हणणे ही फसवणूक आहे.

हायड्रोजनपासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे. ‘विश्वात सर्वांत जास्त आढळणारे मूलद्रव्य’ असे त्याचे वर्णन सर्रास केले जाते. ते खरेच आहे, पण पृथ्वीवर तो मोकळा जवळपास मिळत नाही. पाण्यात, नैसर्गिक वायूत, सेंद्रिय पदार्थांत तो बांधलेला असतो आणि सोडवून घ्यायला ऊर्जा मोजावी लागते. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला) ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एका किलोतून इंधनघटाद्वारे (हायड्रोजनपासून पुन्हा वीज करणाऱ्या उपकरणाद्वारे) परत मिळणारी वीज मात्र १६-१८ युनिटांच्या घरात असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हायड्रोजन हा पोहरा आहे. आडात कोळसा असेल तर पोहऱ्यातही कोळसाच येईल. हिशोब अगदी सरळ आहे : भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ग्रिडच्या विजेवर केलेल्या एक किलो हायड्रोजनमागे ३५ किलोहून अधिक. नैसर्गिक वायूपासून केलेल्या, ज्याला आपण घाणेरडा म्हणून टाकून द्यायला निघालो आहोत त्या हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो. केंद्र सरकारने २०२३मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार हिरव्या हायड्रोजनची मर्यादा आहे दोन किलो.

यावर उत्तर ठरलेले असते : आम्ही ग्रिडची नव्हे, सौर विजेचीच वापरू. तशी वापरली तर उत्तमच. पण २०२२च्या हरित हायड्रोजन धोरणाने जास्तीची अक्षय वीज तीस दिवसांपर्यंत ‘बँक’ करण्याची मुभा दिली आहे. दुपारी ग्रिडला दिलेली सौर वीज कारखाना रात्री परत घेणार. कागदावर ती सौर. पण रात्री दोन वाजता त्या तारेत प्रत्यक्ष वीज ढकलणारा संच असतो चंद्रपूरचा नाहीतर सिंगरौलीचा. दोन किलोची मर्यादाही बारा महिन्यांच्या सरासरीवर मोजायची आहे. उद्योगाला सुरुवातीला सवलत हवी हे मला मान्य आहे. पण सवलत कधी संपणार हे आजच लिहून ठेवले पाहिजे. नाहीतर वातावरणासाठी म्हणून खर्च केलेले पैसे वातावरणाच्याच मुळावर येतील.

मोठा आकडाही एकदा नजरेखालून घालावा. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे अभियानाचे उद्दिष्ट आहे. त्याला २५० ते २७५ अब्ज युनिट वीज लागेल. देशाची आजची वर्षाची एकूण निर्मिती सुमारे १,८०० अब्ज युनिटांची. म्हणजे देशाच्या विजेचा सातवा हिस्सा एवढी नवी, स्वच्छ वीज फक्त या एका कामाला. ती उभारताना कोळशाचे संच बंद करायला लागणारी स्वच्छ वीज कुठून आणणार, हे कोणी सांगत नाही. पाण्याची भीती मात्र मला तितकीशी पटत नाही. एका किलोला नऊ लिटर पाणी रासायनिक हिशोबानेच लागते. ५० लाख टनांना ते होते दीड टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. शुद्धीकरण आणि थंडाई धरून तिप्पट केले तरी पाच टीएमसी. एकट्या कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. देशाच्या पातळीवर हे पाणी नगण्य आहे. प्रश्न येईल तो प्रकल्प कुठल्या तालुक्यात बसवता याचा, कारण पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र २०१३च्या दुष्काळात बंद पडलेले मराठवाड्याने पाहिले आहे.

हे सगळे आपण आधी एकदा करून पाहिले आहे, हे आज फार थोड्यांना आठवते. पंजाबात नांगल येथे १९६१मध्ये खत कारखाना सुरू झाला. भाक्रा-नांगलच्या जलविद्युतीवर तिथे पाण्याचे विघटन व्हायचे, त्या हायड्रोजनपासून अमोनिया, आणि अमोनियापासून खत. आज ज्याला हरित अमोनिया म्हणतात तोच. एवढेच नव्हे, त्याच हायड्रोजनमधून १९६२मध्ये देशाचे पहिले जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन असलेले पाणी, तयार होऊ लागले, जे आपल्या अणुभट्ट्यांना लागते. मग पुढे काय झाले? शेतीला, शहरांना, कारखान्यांना वीज हवी झाली, भाक्राची वीज इतकी मोलाची ठरली की ती पाणी फोडण्यात घालवणे परवडेना. कारखाना खनिज तेलाकडे वळला आणि नंतर नैसर्गिक वायूकडे. तंत्र फसले नव्हते. वीज अपुरी पडली. साठ वर्षांपूर्वीचा हा धडा हरित हायड्रोजनच्या प्रत्येक सादरीकरणात पहिल्या पानावर असायला हवा. विजेचा तुटवडा असताना तिच्यापासून हायड्रोजन करण्याचा हट्ट टिकत नाही.

मग हायड्रोजन सोडूनच द्यावा का? अजिबात नाही. अलिबागजवळचे थळ पाहा. तिथल्या खत कारखान्यात नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवून त्यातला हायड्रोजन सुटा करतात, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवून अमोनिया करतात आणि त्यातून युरिया. शेजारी १९८७पासून जड पाण्याचा प्रकल्प आहे. निसर्गातल्या हायड्रोजनमध्ये साडेसहा-सात हजार अणूंमागे एखादा अणू जड हायड्रोजनचा असतो. खत कारखान्याचा वायू या प्रकल्पात येतो, मोठ्या दाबाखाली आणि अति थंडीत द्रव अमोनियाच्या सान्निध्यातून जातो, त्यातला जड हायड्रोजन अमोनिया उचलतो, आणि हलका झालेला वायू पुन्हा खत करायला परत जातो. शेतकऱ्याची युरियाची गोणी आणि अणुभट्टीतले जड पाणी एकाच नळीतल्या वायूतून निघते. हायड्रोजन आणि अणुऊर्जा परस्परांच्या वैरी असल्यासारखे भांडणाऱ्यांनी हा शेजार जाणून घ्यावा.

थळसारख्या ठिकाणी हायड्रोजन हे इंधन नसून कच्चा माल आहे. त्याला बॅटरी पर्याय होऊ शकत नाही, पवनचक्कीही नाही. अमोनियाच्या रेणूत हायड्रोजन लागतोच. पोलादाचेही तसेच. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायला आज कोळसा वापरतात. हायड्रोजनही ते काम करतो आणि मागे पाण्याची वाफ सोडतो. स्वीडनमध्ये लुलिओ येथे २०२०पासून प्रायोगिक प्रकल्पात हे झाले आणि २०२१मध्ये असे पहिले पोलाद व्होल्वोला दिले गेले. टनामागे सुमारे ५५ किलो हायड्रोजन त्यासाठी पुरतो. आपल्या रायगडात डोळवीला नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न (ऑक्सिजन काढून घेतलेले सच्छिद्र लोखंड) होते. अशा भट्टीत वायूत हायड्रोजन मिसळत नेणे तुलनेने सोपे आहे. प्रयोग करायचा तर तिथे करा.

खतातही घाई करून चालणार नाही, आणि ही गुंतागुंत हायड्रोजनचे समर्थक फारशी उघड करत नाहीत. युरियाच्या रेणूत कार्बन असतो. तो आज त्याच नैसर्गिक वायूतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळतो. वायू काढून हिरवा हायड्रोजन आणला की अमोनिया मिळेल, पण युरियासाठी कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागेल. म्हणून हरित अमोनियाचे पहिले गिऱ्हाईक डीएपी आणि मिश्र खते हेच असायला हवे. त्यांना कार्बन लागत नाही आणि त्यांच्यासाठीचा अमोनिया आपण आज परदेशातून आणतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपयांच्या आसपास मिळते, उरलेला सगळा भार अनुदानाचा. त्यात महाग हायड्रोजनची भर घालायची तर ती कुठल्या खतात घालायची, हे डोळसपणे निवडले पाहिजे.

मोटारी आणि गॅसच्या शेगड्या यांच्याबाबत मात्र मला कुठलीच अडचण दिसत नाही : नको. पुण्यात ऑगस्ट २०२२मध्ये देशी बनावटीच्या हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या बसचे अनावरण झाले तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही वाटला. त्यामागची अभियांत्रिकी खरोखर चांगली आहे. पण शंभर युनिट विजेतली चाकापर्यंत पोचतात हायड्रोजनच्या वाटेने जेमतेम तीस, बॅटरीच्या वाटेने सत्तरहून जास्त. शहरात फिरून रात्री आगारात परतणाऱ्या बसला दुप्पट-तिप्पट वीज का जाळू द्यायची? सुरतेजवळ कवास येथे २०२३पासून घरगुती पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला जातो. आकारमानाने हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे एक तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळला तरी सात टक्क्यांच्या आसपासच गॅस वाचतो. इंडक्शनची शेगडी तेच काम कितीतरी कमी विजेत करते. विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा इथे असा : दुपारची सौर वीज पुढे इतकी मुबलक होईल की ती वायाच जाईल, मग तिचा हायड्रोजन का करू नये? मुद्दा खरा आहे आणि दहा वर्षांनी आणखी खरा होईल. पण दिवसाचे चार-पाच तासच चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरवर घातलेले भांडवल वसूल होत नाही, आणि अमोनियाचा कारखाना तर सूर्य मावळला म्हणून थांबवता येत नाही. म्हणजे हायड्रोजनलाही शेवटी अखंड विजेची गरज पडते.

आता अखंड विजेकडे येऊ. सौर विजेने महाराष्ट्राचे जे भले केले आहे ते नाकारणारा माणूस खेड्यात गेलेला नाही. कृषिपंपाला आठवड्यातून निम्मे दिवस रात्रीची लाईट. रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघायचे, बांधावर साप, उसात बिबट्या, आणि मोटर सुरू करायला फ्यूजशी झटापट. सौर कृषिवाहिनी योजनेमुळे जिथे दिवसा वीज मिळू लागली तिथे शेतकऱ्याच्या घरच्यांची झोप परत आली. ही वीज युनिटमागे अडीच-तीन रुपयांत मिळते. कुठलीही नवी अणुभट्टी या दराच्या जवळपास येत नाही. स्वच्छ विजेतला सर्वांत मोठा वाटा सूर्य आणि वाऱ्याचाच असणार, यात मला शंका नाही. अणुवीजवाल्यांनी सौर विजेची टिंगल करणे सोडून द्यावे.

पण मग रात्रीचे काय? ३० मे २०२४ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तो उन्हाळा होता आणि भर दिवसा सौर वीज मदतीला होती. उष्णतेच्या लाटेत लोक रात्रीही पंखे, कूलर, एसी बंद करत नाहीत. लोकल, रुग्णालये, पाणीपुरवठ्याचे पंप, वितळलेल्या धातूच्या भट्ट्या बंद ठेवता येत नाहीत. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत आणि संध्याकाळचे दोन-चार तास त्या सांभाळून नेतील, हे मी मान्य करतो. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा त्या कशावर चार्ज करणार? पावसाळ्यात वारा आणि धरणे हात देतात, तेही खरे. पण वारा पडतो आणि जून कोरडा गेला तर धरणे रिकामी असतात. आज या सगळ्या फटी कोळसा बुजवतो. कोळसा काढायचा तर तेवढीच भरवशाची दुसरी वीज लागेल. ७०० मेगावॉटची एक अणुभट्टी ८५ टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला सव्वापाच अब्ज युनिट देते आणि कोळशाच्या तुलनेत सुमारे ५० लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचवते. गोव्याच्या दक्षिणेला, कारवारजवळच्या कैगा येथील पहिल्या क्रमांकाची भट्टी २०१६ ते २०१८ या काळात सलग ९६२ दिवस चालली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. अशी वीज आणखी कुणाकडून मिळते?

इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो भीतीचा नाही, वेळेचा आणि पैशाचा आहे. फ्रान्समधली फ्लामानव्हिलची भट्टी २००७मध्ये बांधायला घेतली, पाच वर्षांत ३.३ अब्ज युरोत होणार होती. ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये आणि खर्च १३ अब्जांच्या वर गेला. फिनलंडची ओल्किलुओतो-३ २००५मध्ये सुरू होऊन २००९मध्ये वीज देणार होती. नियमित उत्पादन सुरू झाले २०२३मध्ये. अमेरिकेतल्या व्होगल येथील दोन भट्ट्यांचा खर्च तीस अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. छोट्या भट्ट्यांचा तिथला सर्वांत गाजलेला प्रकल्प नोव्हेंबर २०२३मध्ये खर्च वाढल्याने रद्द झाला. आपलाही इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. २०००पर्यंत दहा हजार मेगावॉट म्हटले, त्याच्या एक तृतीयांशही झाले नाहीत. २०२०पर्यंत वीस हजार म्हटले, हाती होते ६,७८०. कल्पाक्कमच्या जलद प्रजनक भट्टीचे (जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीचे) काम २००४मध्ये सुरू झाले. २०१०मध्ये वीज देणार होती. २०२४ संपले तरी तिच्यातून वीज आली नव्हती. हे सगळे डोळ्यांसमोर असताना १०० गिगावॉटच्या आकड्यावर आंधळा विश्वास कोण ठेवील? मी ठेवत नाही.

पण या यादीतल्या अपयशांत एक धागा सारखा आहे. फ्लामानव्हिल, ओल्किलुओतो, व्होगल या ठिकाणी नव्या, अवजड, त्या देशात आधी कधी न बांधलेल्या आराखड्याची पहिली भट्टी बांधली जात होती. उलट १९७३च्या तेलसंकटानंतर त्याच फ्रान्सने १९७४मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांच्या काळात निर्णय घेतला आणि पुढच्या पंधरा वर्षांत एकाच घराण्यातल्या सुमारे पन्नास भट्ट्या उभ्या केल्या. त्याच गवंड्यांनी, त्याच वेल्डरांनी एक संपवून दुसरी हाती घेतली. या मार्गाला स्वतःचा धोका आहे : २०२२मध्ये नळ्यांना गेलेल्या तड्यांमुळे आणि लांबलेल्या दुरुस्त्यांमुळे फ्रान्सच्या निम्म्याअधिक भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या, कारण आराखडा सारखा तर दोषही सारखा. तरीही पन्नास वर्षांच्या हिशोबात तो सौदा फ्रान्सला फायद्याचा ठरला. आपल्याकडे ७०० मेगावॉटचा जड पाण्यावरचा आराखडा सिद्ध झाला आहे. काक्रापारच्या दोन भट्ट्या २०२३ आणि २०२४मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. पहिलीला तेरा वर्षे लागली, हे लपवायचे कारण नाही. मे २०१७मध्ये अशा दहा भट्ट्यांना एकाच वेळी मंजुरी मिळाली, १ लाख ५ हजार कोटींची. योग्य वाट ही आहे. दर दोन वर्षांनी नवा देश, नवी कंपनी, नवी घोषणा या सवयीने ती मोडते.

म्हणूनच जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण सुमारे दहा हजार मेगावॉटच्या, या योजनेला माझा विरोध आहे, अणुविजेचा समर्थक असूनही. ज्या भट्टीने तिच्या मायदेशात, फ्लामानव्हिलला, बारा वर्षे उशीर केला ती जैतापूरजवळच्या माडबनला वेळेत होईल असे कुठल्या आधारावर मानायचे? त्याच रत्नागिरी जिल्ह्यात आपण अमेरिकी एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प पाहिला. वीज घ्या वा न घ्या, पैसे मोजा, असा करार. १९९५मध्ये रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, मे २००१मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत. त्या दाभोळच्या ओझ्याखाली महाराष्ट्राच्या वीज मंडळाची किती वर्षे गेली, हे विसरून परदेशी भट्टीचा करार करणे शहाणपणाचे नाही. जी भट्टी आपले लोक बांधू शकतात, दुरुस्त करू शकतात, जिच्या इंधनाची गोळी हैदराबादेत बनते, तिच्यावर पैसा लावा. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरचे इंधन अडवले होते, तेव्हापासून परक्याच्या इंधनावर विसंबण्याचा धोका आपल्याला ठाऊक आहे.

भीतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात २०११मध्ये झाला. किरणोत्साराने गेलेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. पण दीड लाखाहून जास्त माणसे हलवताना, त्या धक्क्याने आणि हालअपेष्टांनी दोन हजारांहून अधिक लोक गेले. या आकड्यांचा अर्थ ‘काही झाले नाही’ असा लावणे निर्दयपणाचे आहे. गाव उठणे हीसुद्धा इजाच. पण कोळशाची इजा आपल्याला दिसेनाशी झाली आहे, एवढाच फरक. चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या आईला विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसते. २०२२च्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला, राखेचा चिखल शेतांत आणि नदीत गेला. ही बातमी आठवडाभरात विसरली गेली. अणुकचऱ्याचा प्रश्न खरा आहे, आणि हजारो वर्षे टिकणारा आहे. खोल भूगर्भात कायमचे साठवण्याची जागा आपल्याकडे नाही. पण तो कचरा मोजलेला, काचेत बंदिस्त केलेला, पहाऱ्यात ठेवलेला आहे. कोळशाचा कचरा आपण श्वासातून घेतो. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्यामुळे तिथे कोळसा वाढला असे सांगितले जाते ते चूक आहे. त्या वर्षी कोळशाची वीज घटलीच. पण आधी कोळसा आणि मग अणुभट्ट्या असा क्रम लावला असता तर ती आणखी घटली असती, आणि कोळसा सोडायची त्यांची शेवटची मुदत अजूनही २०३८ आहे.

राहिला तो प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. ही वीज ज्यांच्या जमिनीवर उभी राहणार त्यांचा. १९२१मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्या धरणातून निघणारी वीज आजच्या भाषेत शंभर टक्के हरित होती. मुंबईच्या गिरण्यांना ती हवी होती. तेव्हाही शहाणी माणसे म्हणत होती की मूठभर गावांसाठी प्रगती अडवू नका. धरण झाले, भिऱ्याला वीज झाली, आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षे पुनर्वसन मागत आहेत. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली, त्यांनाही न्यायासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. हा इतिहास पाठीशी असताना माडबन, मिठगवाणे, साखरी नाटे इथल्या लोकांनी कुणावर विश्वास ठेवावा? एप्रिल २०११मध्ये तिथे गोळीबार झाला आणि एक तरुण गेला. त्या लोकांना देशद्रोही किंवा अडाणी म्हणणारा समर्थक अणुविजेचे नुकसान करतो. मासेमारी करणाऱ्याला समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याची चिंता वाटते, ती रास्त चिंता आहे. भोपाळमध्ये काय झाले ते आठवून संसदेने २०१०च्या अणुदायित्व कायद्यात पुरवठादारालाही जबाबदार धरायची सोय केली होती, त्यामागेही हीच रास्त चिंता होती.

म्हणून माझ्या समर्थनाला अटी आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले आणि दशकानुदशके ते ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच वर्तुळातल्या अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत राहिले. २०१२मध्ये कॅगने त्यावर बोट ठेवले. कायद्यातला दर्जा हवाच होता, पण त्याहून अधिक हवे ते असे मंडळ, ज्याने भट्टी बंद करा म्हटले की दुसऱ्या दिवशी ती बंद होते आणि मंत्र्याचा फोन आला तरी उघडत नाही. भट्टीच्या आसपासच्या गावांतल्या किरणोत्साराची मोजणी महाविद्यालयांनी स्वतंत्रपणे करावी आणि आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. प्रकल्पग्रस्तांना एकरकमी पैशांबरोबर विजेच्या उत्पन्नातला वाटा मिळावा, भट्टी चालेल तितकी वर्षे. आणि कुठल्याही नव्या अणुकरारावर सही होण्याआधी युनिटचा अपेक्षित दर, उशीर झाला तर भुर्दंड कुणावर, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, ही तीन उत्तरे मराठीत छापून त्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावीत. हायड्रोजनच्या प्रकल्पांनाही हाच नियम लावा : वीज कुठून घेणार, रात्री कुठून घेणार, पाणी कुणाच्या वाट्याचे. ज्या प्रकल्पाचा मालक ही उत्तरे ग्रामसभेत उभा राहून देऊ शकत नाही, त्याला सार्वजनिक पैशातला एक रुपयाही देऊ नये.